किल्ल्यावरचा डायनासोर

वढू बुद्रुकमधल्या एका घराच्या अंगणात भाऊबीजेच्या सकाळी वादाला तोंड फुटलं ते एका डायनासोरवरून. किल्ला वसुबारसेपासून उभा होता. आत दगडविटा, त्यावर ओलं पोतं, वरून चिखलाचा लेप, उतारावर पेरलेल्या अळिवाचं आणि मोहरीचं बोटभर रान, पायथ्याला आरशाच्या तुकड्याचं तळं आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. सगळं रीतीप्रमाणे होतं. फक्त बालेकिल्ल्याच्या दरवाजात, जिथे पहारेकरी मावळा हवा, तिथे हिरव्या प्लास्टिकचा डायनासोर जबडा वासून उभा होता.

घरातले आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. चहाचा कप हातात घेऊन ते किल्ल्यासमोर आले आणि थबकले. नातवाला म्हणाले,

"बारक्या, ते जनावर काढ तिथनं. महाराजांच्या दारात काय ठेवलंयस?"

"राहू द्या ना, मामा," ओट्यावर बसलेली भाची म्हणाली. "त्यानं मॉड टाकलाय."

"काय टाकलाय?"

भाची चाळिशीतली. खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दरवर्षी भाऊबीजेला आईला घेऊन आजोळी येते, आणि दरवर्षी एखाद्या विषयावर मामांशी तिची जुंपते. गेल्या खेपेला तो विषय राजकारण होता. या वर्षी डायनासोरनं तिचा आवडता विषय आयताच पुढ्यात आणून ठेवला.

मॉड म्हणजे तयार खेळात खेळणाऱ्यानं स्वतः केलेला फेरफार, असं तिनं सांगितलं. कंपनीनं विकलेल्या व्हिडिओ गेममध्ये कुणी नवं पात्र घालतो, कुणी नवं गाव वसवतो, कुणी बिघडलेलं दुरुस्त करतो, आणि ते इतरांनाही फुकट देतो. मग तिनं 'स्कायरिम'चा दाखला दिला. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या या खेळात बर्फाळ डोंगरांवरून आग ओकणारे ड्रॅगन झेपावतात. २०१३ साली एका पठ्ठ्यानं त्या ड्रॅगनांच्या जागी 'थॉमस' बसवला. थॉमस म्हणजे लहान मुलांच्या मालिकेतलं हसऱ्या तोंडाचं निळं रेल्वे इंजिन. आता आभाळातून शिट्टी ऐकू येते, योद्धा तलवार उपसतो आणि समोर इंजिन आग ओकत उतरतं.

गुरुजींना हसू आलं, पण त्यांनी ते चहात बुडवलं. "म्हणजे चेष्टा."

"हे चेष्टेचं टोक झालं, मामा. दुसरं टोक पार तुमच्या पारायणाजवळ जातं."

गुरुजींनी कप खाली ठेवला. पारायणाचं नाव निघालं की ते गंमत सोडतात.

भाचीनं मुळापासून सुरुवात केली. 'स्कायरिम'सारख्या खेळांचं मूळ संगणकात नाही, फाशांत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली सोंगं घ्यायची. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. वार लागला की हुकला, हे फासा ठरवणार. पुढे हीच रीत संगणकावर आली. कॅनडातल्या एडमंटन शहरात काही डॉक्टरांनी १९९५ साली बायोवेअर ही कंपनी काढली. तिचा 'बॉल्डर्स गेट' डिसेंबर १९९८ मध्ये पाच सीडींवर आला. एक अनाथ पोर आश्रयदात्याच्या खुनानंतर बाहेरच्या जगात ढकललं जातं, वाटेत सोबती जमवतं आणि स्वतःच्या जन्माचं कोडं उलगडत जातं, अशी त्याची कथा. सोबत्यांमध्ये मिन्स्क नावाचा एक आडदांड योद्धा आहे. त्याच्याजवळ बू नावाचा मूठभर हॅमस्टर असतो, आणि तो अवकाशातल्या महाकाय हॅमस्टरांच्या जातीतला बुटका आहे, अशी मिन्स्कची ठाम श्रद्धा. हा योद्धा आणि त्याचा बू आज पंचवीस वर्षांनंतरही खेळणाऱ्यांना घरच्यासारखे वाटतात.

भाचीला तो खेळ इंजिनिअरिंगला असताना मिळाला. वसतिगृहात मैत्रिणीकडून उतरवून घेतलेल्या पाच सीडी, वर स्केचपेननं लिहिलेले आकडे.

"म्हणजे चोरीचा माल," गुरुजी म्हणाले.

"हो, चोरीचाच. नंतर पैसे भरून पुन्हा घेतला. पोलंडच्या एका कंपनीनं २००८ साली जुने खेळ विकायचं दुकान इंटरनेटवर उघडलं, तिथून."

"किती तास घातलेस त्यात?"

"पहिल्या खेपेला शंभराच्या वर."

"शंभर तासांत ज्ञानेश्वरीची किती पारायणं झाली असती, ठाऊक आहे? आणि झाल्यावर हाती काय लागलं?"

भाचीनं या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही. तिनं एका बंद पडलेल्या कंपनीची गोष्ट सांगितली.

'फॉलआउट' या गाजलेल्या खेळाच्या कर्त्यांपैकी तिघांनी, टिम केन, लेनर्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन यांनी, १९९८ साली ट्रॉइका नावाची छोटी कंपनी काढली. तिचा 'व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स' १६ नोव्हेंबर २००४ ला बाजारात आला. त्याच दिवशी 'हाफ-लाइफ २' आला. सगळ्या जगानं वाट पाहिलेल्या त्या खेळापुढे हा झाकोळला. शिवाय तो अर्धाकच्चा होता. एका ठिकाणी तर खेळ बंदच पडायचा. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच कंपनीला टाळं लागलं. दुरुस्त करायला मालकच उरला नाही. पण त्या खेळातली माणसं, त्यांचं बोलणं, लॉस एंजेलिसच्या त्या अंधाऱ्या गल्ल्या काही जणांच्या मनातून जाईनात. जर्मनीतला एक रसायनशास्त्रज्ञ, खेळाच्या जगात वेस्प५ या नावानं ओळखला जाणारा, दुरुस्तीला बसला. आधी आणखी एकानं सुरुवात केली होती, ती यानं पुढे नेली. वीस वर्षं झाली, अजून तो बसलेलाच आहे. आज तो खेळ विकत घेणाऱ्याला जाणकार पहिला सल्ला देतात तो त्याची दुरुस्ती आधी चढवण्याचा.

"वीस वर्षं? पगार कोण देतं त्याला?"

"कुणी नाही."

"मग?"

"मामा, तुम्ही शाळेची संरक्षक भिंत श्रमदानातून बांधली तेव्हा पगार कुणी दिला होता?"

गुरुजी गप्प झाले. पण तेवढ्यापुरतेच. भिंत गावाची होती, हा खेळ तर कंपनीचा, असं त्यांचं म्हणणं. फुकट राबणारे राबतात आणि खपाचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात पडतो. यात त्यांना काहीतरी खटकत होतं, आणि ते खटकणं खोटं नव्हतं. एप्रिल २०१५ मध्ये 'स्कायरिम'चे मॉड विकत देण्याचा प्रयोग झाला. किमतीतला चौथा हिस्सा मॉड करणाऱ्याला, उरलेले तीन कंपनी आणि दुकानदाराला. खेळणाऱ्यांनी असं काही रान उठवलं की चार दिवसांत तो गुंडाळावा लागला. रागाचं कारण मात्र प्रत्येकाचं वेगळं होतं. काहींना वाटणी अन्यायाची वाटली. काहींना फुकटचं विकत मिळू लागलं हेच सोसेना. आणि काहींचं म्हणणं असं की हा मामला देवाणघेवाणीचा, त्यात किंमत आली की एकमेकांच्या कामावर काम रचणं थांबेल.

दुपारी जेवणं झाली. पानावरून उठल्यावर गुरुजींनी सकाळचा धागा स्वतःहून उचलला. चकलीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "तू पारायणाचं नाव काढलंस म्हणून सांगतो. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत कुणीकुणी आपापल्या ओव्या घुसवल्या होत्या. नकलून घेणाऱ्यांनी शब्द बदलले होते. पैठणला एकनाथ महाराजांनी प्रती गोळा केल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. आणि बजावून ठेवलं की यात कुणी स्वतःची ओवी घालेल तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल. तुमचे हे मॉडवाले म्हणजे करवंट्या ठेवणारे."

भाची जणू याचीच वाट पाहत होती. "उलट आहे, मामा. वेस्प५ नं जे केलं ते नाथांचंच काम. मूळ खेळाच्या फायलींमध्ये कंपनीनं लिहिलेले, पण घाईत बंद करून ठेवलेले प्रसंग होते. तुटलेले संवाद होते. त्यानं ते शोधून जागच्या जागी बसवले. आणि त्याच्या दुरुस्तीचे दोन प्रकार आहेत. एक बेसिक, त्यात फक्त चुका काढलेल्या. दुसरा प्लस, त्यात अडगळीतलं परत आणलेलं, शिवाय थोडं त्याच्या पदरचं. कुठला हवा ते बसवताना विचारलं जातं."

"मग पहिला ठीक. दुसरा करवंटी."

"आणि भांडारकर संस्थेनं काय केलं?"

हा वार बिनतोड होता, कारण भांडारकर संस्थेच्या महाभारताविषयी तिला पहिल्यांदा सांगितलं होतं ते मामांनीच. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून वि. स. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली आणि १९६६ साली काम पुरं झालं. ज्यांनी सुरुवात केली त्यांपैकी बरेच जण तोवर हयात नव्हते. सुकथनकर तर १९४३ सालीच गेले होते. मूळ संहितेत न बसणारे श्लोक संपादकांनी बाजूला काढले, पण फेकले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. ज्याला वाचायचे त्यानं वाचावेत.

"म्हणजे बेसिक वर आणि प्लस खाली," भाची म्हणाली. "एकाच पुस्तकात."

"पण मूळ काय आणि मागाहूनचं काय, हे तरी कळतं त्यात."

"मॉडमध्येही कळतं. 'बॉल्डर्स गेट'साठी वेस वायमर या संगणकशास्त्रज्ञानं वायडू नावाचं अवजार केलं. मॉड त्यातूनच चढवायचे. कुठला मॉड कितव्या क्रमानं चढवला याची नोंद एका फायलीत राहते. नको वाटला तर उतरवता येतो. आणि प्रत्येक मॉडबरोबर एक कागद असतो, रीडमी म्हणतात त्याला. कुणी केलं, काय बदललं, कशाशी पटत नाही, सगळं त्यात. पाटीच म्हणा ना."

गुरुजींनी मुद्दा बदलला. लेखकाच्या मनात जे होतं त्याला हात लावायचा अधिकार वाचकाला कुणी दिला, असं त्यांनी विचारलं. त्यावर भाचीनं डेव्हिड गेडर यांचं नाव घेतलं. गेडर हे 'बॉल्डर्स गेट २'च्या लेखकांपैकी एक. २००१ साली आलेल्या त्याच्या अखेरच्या भागात शेवट मनासारखा साधला नव्हता. तेव्हा त्यांनी फावल्या वेळात 'असेन्शन' नावाचा मॉड लिहिला आणि इतर चाहत्यांसारखाच फुकट वाटला. खेळाचा पगारी लेखक स्वतःच्याच खेळाचा बिनपगारी मॉडकार झाला.

"आणि नाथांचं म्हणाल तर," ती पुढे म्हणाली, "भारुडात त्यांनी कमी सोंगं घेतली का? जोशी, गोंधळी, वासुदेव. एकाच माणसानं एका हातानं पाठ शुद्ध केला आणि दुसऱ्या हातानं जोश्याचं सोंग घेतलं."

"भारुड त्यांनी ज्ञानेश्वरीत नाही घातलं," गुरुजी म्हणाले. "वेगळं लिहिलं. स्वतःचं."

हा फटका नेमका बसला. मॉड करणाऱ्यांवरचा जुनाच आक्षेप गुरुजींनी न वाचता काढला होता. दुसऱ्याच्या घरावर माडी चढवण्यापेक्षा आपलं घर का बांधत नाही? भाचीनं तो अर्धा मान्य केला. आपला एक रविवार तिनं स्वतःच सांगितला. सकाळपासून 'स्कायरिम'वर चाळीसेक मॉड चढवले, त्यांचा क्रम लावला, दोन मॉड एकमेकांशी भांडले म्हणून पुन्हा उतरवले, रात्री अकराला सगळं जुळलं आणि मग झोप आली म्हणून संगणक बंद केला. खेळली एक मिनिटही नाही. या छंदात असे रविवार फार असतात.

पण माडी चढवता चढवता घर बांधायला शिकलेलेही आहेत. निक पियर्स हा ऑस्ट्रेलियातला वकील. त्यानं २०१५ साली 'स्कायरिम'साठी 'द फॉरगॉटन सिटी' हा मॉड केला. एका लपलेल्या नगरात एकानं गुन्हा केला तर सगळ्यांना मरण, असा त्यातला कायदा. त्याच्या लेखनाला ऑस्ट्रेलियन लेखक संघाचा पुरस्कार मिळाला. पियर्सनं वकिली सोडली, आणि २०२१ साली तीच कल्पना स्वतंत्र खेळ म्हणून आली. पोलंडची गोष्ट याहून मोठी. १९९९ साली सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं तिथले नट घेऊन 'बॉल्डर्स गेट' पोलिश भाषेत उतरवला, आणि तो तडाखेबंद खपला. परक्या खेळाला आपली भाषा देता देता त्या मंडळींना स्वतःचा खेळ करावासा वाटला. २००७ साली त्यांनी आंद्झेय सापकोवस्की या आपल्याच लेखकाच्या कथांवर 'द विचर' काढला, आणि पहिल्या भागासाठी इंजिन वापरलं ते बायोवेअरचंच. भाचीनं ज्या दुकानातून पैसे भरून 'बॉल्डर्स गेट' घेतला, तेही याच कंपनीचं.

"मराठीत आहे असं काही?"

"पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या कंपनीनं २०२० साली 'राजी' काढला. जातीचा वेगळा, मारधाडीचा खेळ. पण दुर्गा, विष्णू, राजस्थानी वाडे, सगळं आपल्या इकडचं. नावाजला गेला. मराठीत म्हणाल तर..." ती हसली. "मी एकदा 'बॉल्डर्स गेट'चे संवाद मराठीत घालायला बसले होते. सगळी वाक्यं एकाच फायलीत असतात, क्रमांक टाकून. खानावळवाल्याला खानावळवाल्यासारखं बोलायला लावलं. पण जुन्या खेळाला जोडाक्षर कळत नाही. एका अक्षराला एक चित्र, एवढंच त्याचं गणित. 'क्ष' दिला की 'क', हलन्त आणि 'ष' असे तिघे वेगवेगळे उभे राहतात. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. सातव्या वाक्याला सोडून दिलं."

"सातव्याच?"

"सातव्याच."

गुरुजींमधला मास्तर दुखावला गेल्याचं चेहऱ्यावर दिसलं. पोरीनं काम अर्धवट सोडलं, याचं त्यांना मॉडपेक्षा जास्त वाईट वाटलं.

उन्हं कलल्यावर दोघं संभाजी महाराजांच्या समाधीकडे चालत निघाले. भीमेकाठचं हे गाव. पुणे-नगर रस्त्यावरच्या कोरेगाव भीमापासून आत, आणि भीमा-भामा-इंद्रायणीच्या संगमावरच्या तुळापूरपासून जवळ. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडल्या गेलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना ११ मार्चला इथल्या परिसरात मारण्यात आलं. फाल्गुन अमावास्येला इथे पाऊल ठेवायला जागा नसते. 'छावा' सिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये आल्यापासून एरवीही गाड्यांची रीघ लागते. भाऊबीजेलाही ती होती.

गुरुजी चालता चालता बोलू लागले, आणि आता त्यांच्या बोलण्यात सकाळची थट्टा नव्हती. या राजाच्या गोष्टीत जितके फेरफार झाले तितके तुझ्या कुठल्या खेळात झाले नसतील, असं ते म्हणाले. मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली ती महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनी १६८१ साली देहदंड दिला होता. त्या बखरीतला व्यसनी, उच्छृंखल राजपुत्र पुढे कादंबऱ्यांत गेला, नाटकांत गेला, गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास'मध्ये गेला. टाळ्या घेऊन घेऊन तोच खरा वाटू लागला. वा. सी. बेंद्र्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं कागद धुंडाळून १९६० साली चरित्र काढलं तेव्हा कुठे त्या चित्राला धक्का बसला. मग १९७१ साली कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' आलं. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा राजा लोकांना नव्यानं दिसू लागला.

"बखरकारानं पाटी लावली होती का गं? की बाबा, हे मी मागाहून घातलंय, माझ्या घराण्याचं याच्याशी वैर आहे?"

"नाही. म्हणून तर म्हणते, पाटी हवी. रीडमी हवा. ज्यानं त्यानं आपलं नाव लिहावं, काय बदललं ते लिहावं. मग हवं ते बदला."

गुरुजी थांबले. समोर समाधीस्थळाचा परिसर होता. तिथून जवळच गोविंद गोपाळ यांची समाधी आहे. महाराजांच्या देहाला अग्नी कोणी दिला, याच्या वेगवेगळ्या परंपरा सांगितल्या जातात, त्यांतल्या एकीत हे नाव येतं. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळ लावलेल्या एका फलकावरून गाव तापलं होतं. नंतरच्या दिवसांत कोरेगाव भीमाला उसळलेला हिंसाचार महाराष्ट्राला ठाऊक आहे.

"पाटी लावा म्हणतेस," ते हळू आवाजात म्हणाले. "या गावात भांडण झालं तेच पाटीवरून. तुझ्या खेळात बरं आहे. ज्याची त्याची प्रत वेगळी. तुझ्या घरी इंजिन उडतं, शेजाऱ्याच्या घरी ड्रॅगन. कुणाचं कुणाला टोचत नाही. इथं समाधीची दुसरी प्रत कुठून आणू? पाटी लावायला जागा एकच. त्यावर कोण काय लिहिणार, आणि लिहिलेलं कोण पुसणार?"

भाचीकडे याला उत्तर नव्हतं. वीस वर्षं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या बाईला माहीत असतं की तिच्या जगात बदल करण्याआधी प्रत काढून ठेवायची असते. बिघडलं तर मागे जाता येतं. त्या भरवशावरच खेळणारे धीट होतात, एका रात्रीत चाळीस मॉड चढवतात, हवं ते मोडून पाहतात. समोर रांगेत लोक पायातले जोडे काढून ठेवत होते. एक बाई लेकराला कडेवर उचलून समाधी दाखवत होती. दोघांनी दर्शन घेतलं आणि परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलणं झालं नाही.

घरी आले तेव्हा बारक्या किल्ल्याजवळच बसला होता, पण हातात आजोबांचा फोन. डायनासोर दरवाजातून हलला होता. आता तो तळ्याच्या काठी, आरशात तोंड बघत उभा होता.

"काढला का रे?"

"आत्या म्हणाली होती तो आपला मॉड आहे, तर राहू दे. तुम्ही म्हणालात काढ. मग जंगलात नेला."

फोनवर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' चालू होता. मालेओ या इंडोनेशियन कंपनीनं २०१७ साली काढलेला हा खेळ आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोचला तो त्यातल्या मॉडमुळे. मूळच्या इंडोनेशियन गाड्यांवर केरळच्या पोरांनी तिथल्या खासगी बसगाड्यांचे भडक रंग चढवले, कर्नाटकाच्या पोरांनी त्यांची सरकारी बस आणली, आणि मराठी पोरांनी एसटी. गाडीचा रंग म्हणजे एक चित्राची फाइल. ती फोनवरच रंगवता येते आणि दोस्ताला पाठवता येते. बारक्याच्या पडद्यावर जावा बेटावरच्या भातखाचरांमधून लालपरी धावत होती.

गुरुजी वाकून पाहू लागले. चष्मा नाकावर खाली घेतला. मागच्या बाजूची शिडी आहे का विचारलं. हॉर्न ऐकला, आणि हा आपल्या एसटीचा नव्हे, म्हणून नापास केला. मग त्यांना काही आठवलं.

"गाडी लाल नव्हती पहिल्यांदा."

"कुठली?"

"पहिली एसटी. १ जून १९४८. पुण्याहून अहमदनगरला गेली, आपल्या या कोरेगाववरून. वडील सांगायचे, निळी होती, वर चंदेरी. लाल रंग नंतर आला." त्यांनी भाचीकडे पाहिलं. "निळी करता येईल का ही?"

भाची काही बोलली नाही. तिनं फक्त मांडी घालून बारक्याजवळ बसकण मारली. रंगाची फाइल उघडली. लालावर निळा ओतला, टपावर चंदेरी. चंदेरी पांढरट दिसतो म्हणून गुरुजींनी तीनदा बदलायला लावला. खिडक्यांच्या चौकटी लाकडी हव्यात, असं मध्येच फर्मान सुटलं. अळिवाच्या रानावर पणत्या लागल्या तरी तिघांच्या माना फोनवरच वाकलेल्या होत्या.

शेवटी पाटीची पाळी आली.

"लिही. पुणे – अहमदनगर."

"आजोबा, आता अहिल्यानगर म्हणतात," बारक्या म्हणाला. "शाळेत तेच लिहायला सांगतात."

"आताचं आता. ही १९४८ ची गाडी आहे. तिच्यावर अहमदनगरच होतं."

"पण गेममध्ये आजची तारीख दिसते."

गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. भाचीनं वर पाहिलं, पण हसू आवरलं. काही क्षण अंगणात फक्त पणत्यांची तडतड होती. मग बारक्यानं आजोबांच्या हातून फोन घेतला, निळ्या गाडीची फाइल धरली आणि तिची दुसरी प्रत काढली. एकीवर जुनं नाव टाकलं, दुसरीवर नवं.

"कुठली सोडू आधी?"

"जुनी," गुरुजी म्हणाले. "थांब, आधी तो हॉर्न बदल."